वाघनानांची कुजबुज

वाघनानांची रक्तातली साखर किती, हे आमच्या अख्ख्या कॉलनीला ठाऊक असतं. नाना ते कुणाला मुद्दाम सांगत नाहीत. ते फक्त डॉक्टरांशी फोनवर बोलतात.

जळगावात त्यांच्या आणि माझ्या घरामध्ये एक भिंत आहे आणि एक शेवग्याचं झाड. नानांच्या आवाजापुढे दोन्हींचा काही उपयोग नाही. मूळ गाव धुळ्याजवळचं, सगळी नोकरी दीपनगरच्या वीजकेंद्रात, तीही टर्बाइनशेजारी. तिथं माणसाला माणसाशी बोलायचं तर ओरडूनच बोलावं लागे. निवृत्त झाल्यावर टर्बाइन तिकडे राहिलं, आवाज नानांबरोबर घरी आला. त्यात वयानं कान गेले. यंत्र मात्र कानात लावायचं नाही. "त्यात शिट्टी वाजते," म्हणतात.

मागे एका लग्नात माझ्याकडे वाकून ते अगदी 'गुपचूप' म्हणाले, "ताई, साखरपुड्याला हा नवरदेव टकला होता ना?" मंगलाष्टकं थांबली. नवरदेवाचा हात आधी मुंडावळ्यांकडे गेला, मग केसांकडे. कमलकाकूंनी, म्हणजे नानांच्या बायकोनं, मांडवातच त्यांना चिमटा काढला. त्यावर नाना दुखावून म्हणाले, "मी हळूच बोली ऱ्हायनू ना!" राग आला किंवा आनंद झाला की नाना अहिराणीवर येतात. ते वाक्य वरातीसाठी बाहेर थांबलेल्या बँडवाल्यांनीही ऐकलं.

अशा माणसानं मांजर पाळायचं ठरवलं. तेही बुजरं.

बेवारस मांजरं सांभाळणाऱ्या एक बाई गावात आहेत. नाना त्यांच्याकडे गेले, सोबत मलाही नेलं. तिथं तीन-चार पिल्लं नानांच्या पायजम्यावर चढून थेट खिशापर्यंत पोहोचली. नानांनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. कोपऱ्यात एका पोत्यामागे राखाडी रंगाचं काहीतरी थरथरत होतं. नाना म्हणाले, "हाईच जोयजे. हीच पाहिजे."

"काका, ती गटाराच्या पाइपातून काढलीये," बाई म्हणाल्या. "फार घाबरते. मोठा आवाज तिला अजिबात चालत नाही."

"चालंल!" नाना म्हणाले, आणि मांजर पोत्याच्या आत गेलं.

भोकं पाडलेल्या खोक्यातून मांजर घरी आलं. खोकं उघडलं, एक राखाडी रेघ ओढल्यासारखं काहीतरी हललं आणि लोखंडी कपाटाखाली नाहीसं झालं. पुढचे दहा दिवस कुणाला दिसलं नाही. रात्री ठेवलेली दूधभाकरी सकाळी संपलेली असे, एवढाच काय तो पुरावा. पण तो पुरावा कॉलनीला पुरेना. "नाना स्वतःच खात असतील," असंही कुणीतरी म्हणालं.

काकू तिला मनी म्हणायच्या. नानांनी नाव ठेवलं स्टँडबाय. "यंत्र जागेवर शे, पण चालू नही," ते म्हणाले. "आमच्याकडे त्याला स्टँडबायच म्हणत."

बघायला येणाऱ्यांना नाना दारातच अडवायचे आणि तोंडावर बोट ठेवून बजावायचे, "आवाज करू नका!" त्यासरशी कपाटाखालून धाडकन डोकं आपटल्याचा आवाज यायचा. "पाहा, शे ना आत?" नाना अभिमानानं म्हणायचे.

शेवटी काकूंनी सांगितलं, "तिला बाहेर काढायचं असंल तर आधी तुम्ही बाहेर बसा."

त्या दिवशी नाना माझ्याकडे आले. मी कॉलेजात ग्रंथपाल होते. नाना म्हणाले, "ताई, तुम्ही आयुष्यभर लोकांना गप्प बसवायचा पगार घेतला. मला कुजबुजायला शिकवा."

मी पुष्कळ प्रयत्न केले. अडचण अशी होती की नानांना स्वतःची कुजबुज ऐकू येत नव्हती, म्हणून ते ती ऐकू येईपर्यंत वाढवायचे. शेवटी मी त्यांचा हात त्यांच्याच गळ्यावर ठेवला. "बोला. घसा थरथरला तर चूक. नुसती हवा बाहेर आली तर बरोबर."

नानांचा चेहरा उजळला. "म्हणजे व्हायब्रेशन झिरो! हे आधी सांगायचं ना."

तेव्हापासून नाना गळा धरून हिंडू लागले. गळा धरून भाजी घ्यायची, गळा धरून रिक्षा ठरवायची. दोन दिवसांत बातमी पसरली की वाघनानांच्या घशाला काहीतरी मोठं झालंय. समोरच्या पाटीलवहिनी ज्येष्ठमधाचा काढा घेऊन आल्या. भाजीवाल्यानं माझ्याजवळ चौकशी केली, "डॉक्टरांनी किती दिवस सांगितले?" मी नानांना ते सांगितलं, तर ते त्याला मायेनं म्हणाले, "बठ्ठं बरं शे रे भाऊ. सगळं ठीक." पण ते कुजबुजून म्हणाले, त्यामुळे तो बिचारा जास्तच घाबरला.

एका दुपारी कूलर बंद होता, वीज गेलेली. नाना कपाटासमोर फरशीवर आडवे होऊन पेपरातला केळीचा भाव वाचत होते, गळ्यावर हात ठेवून. मी काकूंकडे ताक घ्यायला गेले होते. स्वयंपाकघरातून आम्ही दोघींनी पाहिलं. कपाटाखालून आधी एक मिशी आली. मग नाक. मग अख्खं मांजर येऊन नानांच्या पायाशी बसलं आणि त्यांच्या अंगठ्याचा वास घेऊ लागलं.

नाना हलले नाहीत. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. मग भान सुटलं.

"उनी व ताई, उनी! आली!"

शेवग्यावरचे कावळे उडाले. स्टँडबाय पुढचे तीन दिवस बाहेर आली नाही.

नाना इतके खजील झाले की मला राहवलं नाही. मी विचारलं, "नाना, ती खिशात चढणारी पिल्लं का नाही घेतली? एवढा व्याप कशाला?"

त्यांनी पेपरची घडी घातली. मग गळ्यावर हात ठेवून म्हणाले, "पिहूसाठी."

पिहू म्हणजे नाशिकची नात, चार वर्षांची. उन्हाळ्यात आठ दिवसांसाठी आली होती. नानांनी नुसतं "ये बेटा" म्हटलं की ती आईच्या ओढणीत शिरायची. रात्री झोपेतही दचकायची. पाचव्या दिवशी जावयानं बॅगा भरल्या.

"चूक त्यांची नही," नाना म्हणाले. "दिवाळीला परत येतील. तोपर्यंत म्हटलं, कुणातरी भित्र्यावर हात बसवावा. हिला जमलं तर पोरीला जमंल."

दिवाळीत पिहू आली. पहिले दोन दिवस ओढणीतच. नाना तिच्याशी एक अक्षर बोलले नाहीत. सकाळी कपाटासमोर पोटावर झोपायचे आणि खाली बघत राहायचे, एवढंच. तिसऱ्या दिवशी मी फराळाचं ताट घेऊन गेले, तर फरशीवर दोघं शेजारी शेजारी पालथे पडलेले. कपाटाखाली दोन हिरवे डोळे चमकत होते. पिहूनं मान वळवली, सरकत सरकत पुढे आली, एक हात नानांच्या कानाभोवती धरला आणि बराच वेळ काहीतरी सांगितलं. नानांनी गंभीरपणे दोनदा मान हलवली.

मी निघाले, तर नाना दारापर्यंत मागोमाग आले.

"ताई, काय बोलनी ती?"

"मला कसं ऐकू येणार? तुमच्या कानात बोलली."

"एक बी शब्द नही समजना," नाना म्हणाले.

"मग विचारा ना परत."

"नको, नको." त्यांनी कानावर तळवा ठेवला आणि तसाच धरून ठेवला. "कान गरम शे अजून."

आणि ते घाईघाईनं आत गेले, पुन्हा तिच्या शेजारी, तोच कान तिच्याकडे करून आडवे झाले.