मूठ सुटेना

दान कसं द्यावं, ते लोकांनी माझ्याकडून शिकावं! त्या रविवारी चर्चला निघताना आरशासमोर उभं राहून मी बायकोला हे ऐकवलं. ती म्हणाली, "आधी बटणं नीट लावा. एक वर-खाली झालंय."

त्याचं असं होतं, आमच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या मावशींची नजर जवळजवळ गेली होती. त्याच आठवड्यात ऑपरेशन झालं तर एक डोळा वाचेल, असं डॉक्टर म्हणाले होते. पैसे थोडे कमी पडत होते, आणि ती कमी पडणारी रक्कम मी भर सभेत उठून स्वतःच्या नावावर घेतली होती! काय टाळ्या पडल्या! पाळकसाहेबांनी तर चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं.

दानाची थैली सरकत सरकत माझ्यापाशी आली. मी नोटांची गुंडाळी मुठीत धरून हात चांगला उंच केला. मागच्यांनाही दिसायला हवं ना! मग थैलीवर नेला. आणि मूठ उघडेना.

हसू नका. उघडेचना! मी बोटांना हुकूम सोडतोय, बोटं ढिम्म. मनगटापासून हात गार पडत चालला.

"अहो, टाका ना," बायको कुजबुजली.

"टाकतोय!"

"कुठे टाकताय? नुसते थरथरताय!"

थैलीवाले आजोबा खाकरले. मावशींचा ऑर्गनही थांबला. शेवटी पाळकसाहेब जवळ येऊन हळूच म्हणाले, "मनातून येत नसेल तर राहू द्या. कुरकुरत दिलेलं देवालाही नको असतं." मागून कुणीतरी पुटपुटलं, "बापावर गेलाय!"

मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझे बाबा कुलपं दुरुस्त करायचे, पण लोक त्यांना 'कुलूप' म्हणायचे ते काही धंद्यामुळे नव्हे! थैली येताना दिसली की बाबा डोळे मिटून प्रार्थनेला लागत, ते ती लांब जाईपर्यंत.

घरी आलो. दाराच्या कडीला हात लावला आणि मूठ फटकन उघडली! नोटा पायपुसण्यावर. चहाचा कप धरला, सोडला, सगळं सुरळीत.

"सराव करू," म्हणत बायको ताट घेऊन समोर बसली. "मी थैली. द्या."

नोटा घेतल्या. मूठ गच्च!

"प्रेमाने द्या हो!"

"प्रेमानेच देतोय! या गधड्या हाताला सांग!"

डाव्या हाताने द्यायला गेलो, तर उजव्याने झडप घालून नोटा हिसकावल्या! शेवटी बोटं सोडवायला बायकोने माझा हात धरला, आणि एकदम टाकून दिला. चेहरा पांढराफटक.

"अहो... याला तेलाचा वास येतोय. कुलपाच्या तेलाचा."

मी पाहिलं. अंगठ्याचं नख मधोमध चिरलेलं होतं. माझं नख कधीच चिरलं नव्हतं. कानस निसटून चिरलं होतं ते बाबांचं.

"हा मामंजींचा हात आहे," ती म्हणाली, आणि सवयीने उठून उभी राहिली.

आम्ही मातीत ठेवलेला हात माझ्या बाहीतून बाहेर आला होता! मी डाव्या हातानेच जेवलो. उजवा मांडीवर पडून होता आणि अधूनमधून चावी फिरवल्यासारखा आपला आपणच फिरत होता.

दुसऱ्या दिवशी भरदुपारी, नोटा तशाच मुठीत, मावशींकडे माफी मागायला गेलो. दुसरं करणार काय? त्यांच्या जिन्यात दिवसाही डोळ्यांत बोट घातलं तरी दिसत नाही. दार वाजवायला हात उचलला, तर तो आपणहून वाजवू लागला. दोन टकटक, जरा थांबून एक. आत खुर्ची सरकली. मावशी चाचपडत आल्या आणि त्यांनी अंधारात माझा हात हातात घेतला.

"आलात?" त्या म्हणाल्या. "मला वाटलं, विसरलात."

"मावशी, मी..."

"बोलू नका. कुणाला कळता कामा नये, ही तुमचीच अट ना? आमचे हे गेल्यापासून माझं घरभाडं कोण भरत होतं, ते मी कुणाला सांगितलं नाही हो. तुमच्या मातीच्या दिवशी मीच ऑर्गन वाजवला, तरी तोंड उघडलं नाही."

अंगावर सरसरून काटा आला. बाबा! जन्मभर लोकांची बोलणी खाल्लीत, आणि हसणाऱ्यांत मीही होतो! कोण बघतंय, किती जातायत, काही म्हणजे काही आठवलं नाही. या बाईंना दिसायला हवं, एवढंच वाटलं.

मूठ अलगद सुटली. नोटा गेल्या, पाठोपाठ मनगटावरचं घड्याळ गेलं, परतीच्या भाड्याची चिल्लरही गेली. मी चालत घरी आलो.

ऑपरेशन छान झालं. पुढे एका रविवारी मावशी पुन्हा ऑर्गनवर बसल्या, तेव्हा पाळकसाहेब म्हणाले, "पैसे देणारा कोण, ते देवालाच ठाऊक. काही जण नुसतं बोलतात, काही जण न बोलता देतात!" झालं! अख्खं चर्च मान वळवून माझ्याकडे बघायला लागलं. आणि कसं? कीव आल्यासारखं! माझा संयम सुटला. ताडकन उठलो, "अहो, तो मीच" म्हणायला तोंड उघडलं, आणि तेलाचा वास येणारा एक गारढोण हात फाडकन माझ्याच तोंडावर बसला.

म्हणून हे सगळं डाव्या हाताने लिहिलंय. अक्षराला हसू नका. आणि हात जोडतो... म्हणजे जोडता येत नाहीत, पण कृपा करून उजव्याला कळू देऊ नका!