आईच्या मशीनला तेल

आईचं शिलाई मशीन वाचनालयाच्या सभागृहातल्या रंगमंचावर चढवलं, धाकटीने पायडलवर पाय ठेवले, आणि मशीन निमूटपणे चालू लागलं. इतकं निमूट, की तिला खरंच वाटेना. तिने पुन्हा पाय दाबला. चाक फिरलं, सुई खालीवर झाली, आवाज मात्र नाही. काल रात्रीपर्यंत सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं केकाटणारं मशीन आज नव्या सुनेसारखं वागत होतं.

पहिल्या रांगेत बाबा इस्त्रीचा शर्ट घालून केव्हाचे येऊन बसले होते. लेकीचं तोंड उतरलेलं त्यांना दिसलं नाही. ते खुशीत होते.

"कसं चालतंय?" त्यांनी खालूनच विचारलं. "लोण्यासारखं ना? सकाळी तू अंघोळीला गेलीस तेव्हा तेल घातलं."

बाबांनी आयुष्यभर एका मोठ्या छापखान्यात यंत्रांची देखभाल केली होती. तिथल्या प्रत्येक यंत्राला वेळच्या वेळी तेल. घरचं मशीन मात्र कायम कोरडं. आई शिवता शिवता ओरडायची, "अहो, तेल घाला ना हो याला!" आणि पेपरातून डोकं न काढता बाबा म्हणायचे, "उद्या घालतो." तो उद्या आई होती तोवर काही उजाडला नाही. उजाडला तो नेमका आज!

आता धाकटीच्या मंडळाबद्दल सांगायला हवं. ती आणि तिचे सोबती नव्या शास्त्रीय संगीताचे प्रयोग करायचे. म्हणजे नेमकं काय करायचे, हे बाबांना कधीच कळलं नव्हतं. एका कार्यक्रमात त्यांनी एक माणूस बादलीत पाणी ओतताना पाहिला आणि ओतून झाल्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या. तेव्हापासून घरात मंडळाचं नाव पडलं, ‘तुमचं ते ठोकाठोकीचं मंडळ’. हल्ली मंडळाने वस्त्यावस्त्यांत जायचं ठरवलं होतं. तिथल्या घरांमधले आवाज घेऊन रचना करायच्या आणि तिथल्याच लोकांपुढे वाजवायच्या. आज धाकटीच्या स्वतःच्या गल्लीची पाळी होती आणि तिच्या रचनेचं नाव होतं ‘आईची दुपार’.

त्या रचनेचा जीव होता मशीनचा आवाज. पायडल दाबलं की कुईं, सोडलं की खट. कुईं-खट, कुईं-खट. त्या आवाजात धाकटी लहानपणी झोपली, त्याच आवाजात पाढे पाठ केले, तापात पडली तेव्हा तोच आवाज ऐकून तिला हायसं वाटायचं, की आई आहे शेजारच्या खोलीत. रचना अशी होती, की तिसऱ्या कुईंला बासरी सुरू व्हायची, बासरी ऐकून चेलो, आणि चेलो ऐकून ढोल. थोडक्यात, कुईं नाही तर काहीच नाही.

मंडळाचा प्रमुख, ज्याला सगळे कप्तान म्हणत, धावत आला. "रेकॉर्ड केलाय का आवाज?"

"तूच म्हणाला होतास, डबाबंद आवाज आपल्याकडे चालणार नाही!"

"मी काय काय म्हणतो! सगळंच कशाला ऐकायचं?"

मग तेल काढायला मशीनचं धुणं सुरू झालं. ढोल वाजवणारा ठोक्या कुठूनसं रॉकेल घेऊन आला. सांध्यासांध्यांत रॉकेल सोडलं, चिंध्यांनी पुसलं. मशीन तरी गप्पच. वर सभागृहात असा वास सुटला, की बासरीवालीला शिंकांवर शिंका.

"बाबांच्या हातचं तेल आहे," ठोक्या घाम पुसत म्हणाला. "असं सहजासहजी निघतंय होय!"

"मागचं दार!" कप्तानला एकदम सुचलं. "काल केवढं करकरत होतं! ते उघडझाप करू."

ठोक्याने दार उघडलं. दार अलगद उघडलं, अलगद मिटलं.

"उरलेलं तेल वाया कशाला घालवायचं, म्हणून त्यालाही घातलं मी," बाबा खालून म्हणाले. "खुर्च्यांच्या बिजागऱ्यांनाही. लोकांची सोय झाली."

कप्तान डोकं धरून पायरीवर बसला. पायरीही करकरली नाही.

धाकटीचा मात्र बांध फुटला. ती खाली उतरून बाबांसमोर उभी राहिली. "बाबा, एवढी वर्षं नाही घातलंत, मग आजच कशाला? तो आवाज म्हणजे आई होती हो! तेवढाच उरला होता माझ्याकडे."

बाबांच्या चेहऱ्यावरची खुशी मावळली. त्यांनी शर्टाची बाही उगाच सारखी केली. "तिचं मशीन चारचौघांत यायचं होतं गं," ते हळूच म्हणाले. "म्हटलं, आज तरी तिचं ऐकावं."

तेवढ्यात लोक यायला लागले. शिंप्याला द्यायचे ते कपडे जन्मभर आईकडे टाकणारी सगळी गल्ली आली होती. शेजारच्या काकू तर बाबांच्या बाजूलाच येऊन बसल्या.

कार्यक्रम सुरू झाला. धाकटीने मशीन चालवायला घेतलं. पाय दाबला, सोडला. दाबला, सोडला. चाक गरगरतंय, आवाज काही नाही. बासरीवाली ओठांना बासरी लावून तिसऱ्या कुईंची वाट बघतेय. चेलोवाला बासरीची वाट बघतोय. ठोक्या हात वर धरून चेलोची वाट बघतोय. लोकही अगदी सभ्यपणे बघताहेत.

"सुरू झालं का हो?" मागून एका आजोबांनी विचारलं.

"झालं असेल," दुसरे म्हणाले. "नवीन संगीत असंच असतं म्हणतात."

धाकटीच्या डोळ्यांत पाणी जमायला लागलं. आईची दुपार अशी मुकी निघून जाणार, तीही आईच्याच गल्लीत! तिने मान खाली घातली आणि नुसती पाय हलवत राहिली.

आणि पहिल्या रांगेतून आवाज आला, "कुईं... खट."

बाबा उभे होते. डोळे मिटलेले, एक हात खुर्चीवर. "कुईं... खट." तोंडानेच, पण हुबेहूब. धाकटीचा पाय दाबला जायच्या क्षणी कुईं, सुटायच्या क्षणी खट. मध्येच ते थबकले. आईचा दोरा तुटला की ती थबकायची, अगदी तेवढंच. मग पुन्हा "कुईं..."

काकूंना राहवलं नाही. इतकी वर्षं भिंतीपलीकडून ऐकलेलं त्यांच्या तोंडून आपसूक बाहेर पडलं, "अहो, तेल घाला ना हो याला!"

"उद्या घालतो!" बाबा डोळे न उघडता म्हणाले.

सभागृह हसण्यात बुडालं. मागचे आजोबा मोठ्याने म्हणाले, "आम्हीही उद्याच घालणार!" त्यांच्या शेजारच्या आजींनी त्यांना कोपराने ढोसलं. त्या गदारोळात बासरी सुरू झाली, मागोमाग चेलो, मागोमाग ढोल, आणि सगळ्यांच्या मधोमध बाबांचं कुईं-खट. हसता हसता लोक केव्हा गप्प झाले, कळलंच नाही. काकू पदराने डोळे पुसत होत्या.

कार्यक्रम संपल्यावर कप्तान बाबांचे हात सोडेना. "काका, पुढच्या सगळ्या प्रयोगांना तुम्हीच! उद्यापासून तालीम."

"उद्या बघू," बाबा म्हणाले.

मशीन घरी आलं, खिडकीशी आपल्या जागी बसलं. दुसऱ्या दिवशी दुपारी धाकटीने सहज त्यावर पाय ठेवला, आणि मशीन केकाटलं, कुईं! रॉकेलने तेल धुऊन नेलं होतं आणि आता रॉकेलही उडून गेलं होतं. ती हरखली. खट. कुईं. खट. आई शेजारच्या खोलीत परत आली होती. मशीन चालवायला पुन्हा तसंच जड झालं होतं. पोटऱ्या भरून आल्या तरी ती थांबली नाही.

दारात बाबा येऊन उभे होते. हातात तेलाची कुपी.

"काल रंगमंचावर किती हलकं चालत होतं गं," ते म्हणाले. "रात्री तिचे पाय दुखायचे. मला वाटायचं, वयामुळे दुखताहेत."

धाकटीचे पाय थांबले. पुढच्या महिन्यात दुसऱ्या वस्तीत कार्यक्रम होता. मशीन असंच हवं होतं, कोरडं, केकाटणारं. तिने एकदा मशीनकडे पाहिलं, एकदा कुपीकडे.

मग ती उठून बाजूला झाली.

"अहो, तेल घाला ना हो याला," ती म्हणाली.

"आत्ता घालतो," बाबा म्हणाले आणि गुडघ्यांवर हात ठेवत मशीनपाशी बसले.