विस्तवाजवळ एकाचंच तोंड

"यंदा सळईला कुणी बोटसुद्धा लावायचं नाही!" चर्चमधून आल्या आल्या लोइझोने जाहीर केलं. "बेचाळीस ईस्टर मी कोकरू भाजलंय. डोळे बांधा, तरी भाजीन!"

"डोळे बांधू नकोस, चष्मा लाव," बायको मारुल्ला म्हणाली. "आणि काय ठरलंय ते विसरू नकोस."

ठरलं होतं ते असं. गेल्या ईस्टरला लोइझोने गरम राखेची बादली कोंबड्यांच्या खुराड्याला टेकवून ठेवली होती. कोंबड्या वाचल्या, खुराडं गेलं. यंदा काही घोटाळा झाला, तर पुढे विस्तव जावयाकडे, सोफ्रोनीकडे जाणार होता. आणि सायप्रसच्या त्या गावात म्हाताऱ्याकडून विस्तव काढून घेणं म्हणजे त्याला जिवंतपणी भिंतीवरच्या फोटोत बसवणं!

सोफ्रोनीने शहरातून सळई फिरवायची विजेची मोटार आणली होती. लोइझोचं मनगट आता थरथरायचं. ते कुणी बोलून दाखवलं नाही. मोटार 'भेट' म्हणून आली.

लोइझोने फुकू, म्हणजे पत्र्याची लांबट शेगडी, अंगणातल्या वाळक्या बोरूच्या मांडवाखाली मांडली. सावली छान होती.

"बाबा, हा मांडव जरा..." सोफ्रोनी म्हणाला.

"जावईबापू! या घरात विस्तवाजवळ एकच माणूस बोलतो. माझे वडील बोलायचे, मी ऐकायचो. आता मी बोलतो!"

सोफ्रोनी चांगल्या घरचा होता. त्याने तोंड मिटलं.

लोइझोने कोकराचे मुठीएवढे तुकडे सळईत ओवले. जड हाडं सगळी एका अंगाला आली. सोफ्रोनीने तोंड उघडलं, सासऱ्याकडे पाहिलं, पुन्हा मिटलं.

मोटार सुरू झाली. जड बाजू कण्हत कण्हत वर चढायची, माथ्यावर क्षणभर विचार करायची आणि धप्पकन खाली यायची. घर्रर्र... धप्प! प्रत्येक धप्पला चरबी कोळशांवर सांडायची आणि जाळ हातभर उठायचा.

कुंपणापलीकडून शेजारी पिएरीने मान काढली. "लोइझो, तुझं कोकरू अजून उड्या मारतंय रे! मेलंय ना नक्की?"

"पन्नास दिवस उपास केलास म्हणून डोळ्यांपुढे नाचतंय तुझ्या!" असं म्हणून लोइझोने ऐटीत आणखी दोन फावडी कोळसे टाकले.

"ख्रिस्त उठला!" ईस्टरचा नमस्कार घालत पिएरीने लाल उकडलेलं अंडं पुढे केलं.

"खरोखर उठला!" ईस्टरला पुढे आलेल्या अंड्याला नाही म्हणता येत नाही; अंड्यावर अंडं आपटायचं, ज्याचं फुटेल तो हरला. लोइझोने खिशातलं अंडं काढलं आणि विस्तवाकडे पाठ करून कुंपणाशी गेला. टक! पिएरीचं फुटलं. लोइझो हसत वळला, तर सोफ्रोनी मांडवापुढे दोन्ही हात हवेत फिरवत होता. तोंड मात्र घट्ट मिटलेलं!

"हा काय नाचतोय?"

"नाचत नाहीये," पिएरी म्हणाला, "तुझा मांडव पेटलाय!"

लोइझो धावला. पाण्याची बादली उचलून तो फुकूवर रिकामी करणार, एवढ्यात सोफ्रोनी ओरडला, "चरबीवर पाणी नको! भडका उडेल!" त्याने मोटारीची पिन उपटली, हातमोजे घालून सळई बाजूला काढली आणि कोळशांवर वाळू ओतली. बादली मांडवाच्या वाट्याला आली. मिनिटभराचं काम. मांडवातून पाणी ठिबकत होतं.

"आधी का बोलला नाहीस?" लोइझोने विचारलं.

"तुम्हीच म्हणालात, एकच माणूस बोलतो."

लोइझो खुर्चीत बसला. वडिलांच्या कोपरावरचा भाजल्याचा डाग त्याला आठवला. तो डाग पडला त्या दिवशी फुकूचा एक पाय डुगडुगत होता. एकोणीस वर्षांच्या लोइझोने तो पाहिला होता. तोही चांगल्या घरचा होता. गप्प राहिला होता. त्या डागाची गोष्ट तो आजवर मोठ्या फुशारकीने सांगत आला होता. पायाचं मात्र कुणालाच सांगितलं नव्हतं.

मारुल्लाला ठरलेल्याची आठवण करून द्यावी लागली नाही. लोइझोनेच चिमटा उचलला आणि सोफ्रोनीच्या हातात दिला.

सोफ्रोनीने फुकू उघड्या अंगणात, घरापासून लांब नेली. हाडं आलटून पालटून पुन्हा ओवली. सळई हातात सैल धरून पाहिली. ती गरगर न फिरता वळवू तिथे थांबली, तेव्हाच चढवली. नवे कोळसे पेटले. लोइझो ओठ आवळून बसला होता. पण जावयाच्या एप्रनची नाडी सुटली होती आणि निखाऱ्यांकडे लोंबत होती.

तो रागावला तर? रागावू दे.

"सोफ्रोनी! नाडी!"

सोफ्रोनी झटकन मागे झाला. "बरं झालं बोललात, बाबा."

"मग ठरलं," लोइझो खुर्ची पुढे ओढत म्हणाला. "विस्तवाजवळ दोघांनी बोलायचं."

आणि ते बोलू लागले. आच किती असावी, सळई किती उंच, वडिलांचा कोपर, फुकूचा तो पाय. इतक्या वर्षांचं साठलेलं!

मारुल्ला परात घेऊन आली आणि सळईकडे पाहत उभी राहिली. कोकरू खालून कोळसा झालं होतं, वरून लालबुंद कच्चं.

"बोला, सावकाश बोला," ती म्हणाली. "पण मोटारीची पिन कुणी लावणार आहे, की तेही मीच करू?"