दिवाळ्याच्या होडीतला साहेब

मी मेलेल्या माणसालाही इंग्रजी बोलायला लावीन!

हे वाक्य मी बाळामावशींच्या पडवीत, गावातल्या सगळ्या बारक्या पोरांसमोर म्हटलं होतं. म्हणजे नंतर नाकारायची सोय नाही. पण तेव्हा मी हवेतच होते. जूनपर्यंत हजेरीलासुद्धा पुटपुटणारी मी, कैनात, नववी ब, इंग्रजी वक्तृत्व स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोचले होते! असं काही झालं की माणसाला वाटायला लागतं, आपल्या घशात खास लाउडस्पीकर बसवलाय आणि तो जगाच्या कल्याणासाठी आहे.

कल्याणाची सुरुवात मी दिवाळ्यापासून केली. बेलापूरच्या आमच्या बिल्डिंगमधून चालत गेलं की खाडीकाठी दिवाळे हे कोळ्यांचं गाव. तिथल्या बाळामावशी अम्मीला कित्येक वर्षं मासळी विकतात. दोघी भावावरून भांडून भांडून मैत्रिणी झाल्यात. त्यांची नात वैदेही तिसरीत. तिला इंग्रजी येतं की नाही हे कोणालाच माहीत नव्हतं, कारण ती तोंडच उघडायची नाही. तिच्यासाठी म्हणून मी रविवारचा वर्ग सुरू केला आणि आसपासची पोरं फुकटात जमली.

धडा होता समबडी, एनीबडी, नोबडीचा. कोणीतरी आहे, तर समबडी. कोणी आहे का असं विचारायचं, तर एनीबडी. कोणीच नाही, तर नोबडी, आणि मग वाक्यात दुसरा 'नॉट' घालायचा नाही. इतकं सोपं! पण पोरं 'आय डोन्ट सी नोबडी' म्हणत राहिली, आणि वैदेही माझ्याकडे सुरमई बघते तसं न मिटणाऱ्या डोळ्यांनी बघत राहिली.

मग मला कल्पना सुचली. बाळामावशींची होडी काठालाच बांधलेली असते. रिकाम्या होडीसारखी नोबडी शिकवायची जागा दुसरी कुठे मिळणार? मी घरी स्वयंपाकघरात बसून धडा रेकॉर्ड केला. प्रश्न, मग पोरांना उत्तर द्यायला थोडी शांतता, मग बरोबर उत्तर, नाहीतर नुसती शाबासकी. पोरांना नीट कळावं म्हणून अ‍ॅपमध्ये वेग कमी केला. अ‍ॅप फुकटातलं. त्यात आवाज हळू झाला की जाडही होतो, पण पूर्ण ऐकून बघायला वेळ कोणाला होता!

रविवारी मी अब्बांचा छोटा ब्लूटूथ स्पीकर होडीच्या पुढच्या फळ्यांखाली लपवला, फोनला जोडला, आणि बटण दाबणार तोच बाळामावशी ओरडत आल्या की नव्या जाळ्यावर नाचताय काय, उतरा आधी. आम्ही उतरलो. स्पीकर राहिला. घरी तो सापडेना, तेव्हा रिक्षात विसरला असेल असं मी म्हटलं, आणि म्हणता म्हणता मलाही ते पटलं.

नारळी पौर्णिमा झाली. खाडीला नारळ वाहून गावातल्या होड्या निघाल्या. दोन-तीन दिवसांनी मी अम्मीबरोबर मासळी घ्यायला गेले तर बाळामावशींची पाटी रिकामी! शेजारणींच्या पाट्यांत कोलंबी उड्या मारतेय, आणि या नुसत्या माशा हाकलतायत. होडीचं इंजिन काल नीट झालंय, मुलगा दिलीप आज निघेल, असं त्या सांगत होत्या, तेवढ्यात त्यांचा भाचा कुलदीप चिखल तुडवत वर आला. चेहरा मिठात घातल्यासारखा पांढरा.

"आत्ये, होडीत कोनतरी बोलतंय."

"काय बोलतंय?"

"इंग्लिश."

आधी टुंग करून घंटा वाजली म्हणे, पाण्याखालून आल्यासारखी. मग एक जाड, ओढलेला आवाज. बोलला, आणि गप्प झाला, जसा उत्तराची वाट बघत होता. अम्मी म्हणाली डिझेलच्या वासाने होतं असं. मी तर फिदीफिदी हसले. पण दुसऱ्या फेरीला आम्ही गेलो तेव्हा दिलीपदादा चिखलात उभे होते, आणि हसण्यासारखं काही राहिलं नव्हतं. होडी चालवतात ते दिलीपदादाच. हाताने साप उचलून फेकणारा माणूस! त्यांनी फळ्यांना कान लावून विचारलं होतं, कोन हाय आत? आणि आतून उत्तर आलं होतं.

"नोबडी."

कोणीच नाही! आता मला सांगा, कोणीच नाही हे सांगायला तरी कोणीतरी लागतं की नाही? कुलदीपने छडा लावून टाकला की इंग्रजांच्या काळात एखादा साहेब खाडीत बुडला असणार. "आन् इतकी वर्षं हितं राहून मराठी शिकला नाय," हेही त्याने रागाने जोडलं.

सगळ्यात वाईट गोष्ट वैदेहीने शोधून काढली. ती आजीच्या कानात काहीतरी कुजबुजली आणि आजीने माझ्याकडे पाहिलं. "पोरगी म्हन्ते, तू आलीस की तो बोलतो. एरवी गप असतो."

सगळे माझ्यापासून एकेक पाऊल मागे सरकले. अम्मीसुद्धा!

दिलीपदादांनी स्पष्ट सांगितलं की या होडीवर ते चढणार नाहीत. परवा पहाटेच्या भरतीपर्यंत याचा निकाल लागला नाही तर ते दुसऱ्याच्या होडीवर खलाशी म्हणून जाणार. नवऱ्यामागे बाळामावशींनी ती होडी उभी ठेवली होती, दर वर्षी रंग स्वतःच्या हाताने द्यायच्या. आता त्यांचाच मुलगा दुसऱ्याचं जाळं ओढणार. त्या रिकामी पाटी पुसत बसल्या. कोरडी होती, तरी पुसत होत्या.

ते बघून माझ्या घशातला लाउडस्पीकर आपोआप चालू झाला. "मावशी, मी बोलते त्याच्याशी. इंग्रजीच आहे ना? त्याला काय हवंय ते विचारते आणि वाटेला लावते."

अम्मीने माझ्या दंडाला असा चिमटा काढला की तो अजून निळा आहे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही काठावर गेलो. ओहोटी लागलेली. आभाळ ओल्या गोणपाटासारखं खाली आलेलं. पाणी गेलं होतं आणि चिखल आपला आपणच बुडबुडत होता, कोणीतरी खालून श्वास घ्यावा तसा. पलीकडे टॉवरचे दिवे लागले होते, पण इतके लांब की ते दुसऱ्या कुठल्या देशाचे वाटत होते. होडी एका अंगावर कलंडली होती. वारा नव्हता, तरी तिचा दोर हलत होता.

माझ्यामागे दिलीपदादा, कुलदीप, बाळामावशी, वैदेहीचा हात धरलेली अम्मी, आणि त्यांच्यामागे अर्धं गाव. मी एक पाऊल टाकलं. काही नाही. दुसरं टाकलं.

टुंग.

मागचं अर्धं गाव पाव झालं.

फळ्यांखालून तो आला. ओला, जाड, दमलेला आवाज. एकेक अक्षर चिखलातून ओढून काढल्यासारखं.

"इज... एनीबडी... इन... द... बोट?"

आणि शांतता. तो थांबला होता. माझ्यासाठी थांबला होता!

मी तोंड उघडलं. अंतिम फेरीतलं तोंड! त्यातून निघालं, "येस... नो... नॉट नोबडी... सर..." पुढे नुसती हवा. सगळं इंग्रजी पायांतून उतरून चिखलात गेलं होतं.

तेव्हा माझ्या कमरेपाशी एक बारीक, स्वच्छ आवाज आला. वैदेही. अम्मीचा हात सोडून पुढे आलेली.

"नो. देअर इज नोबडी इन द बोट."

बाळामावशींनी छातीवर हात ठेवला. नातीचं इंग्रजी त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं, तेही कोणाशी बोलताना! होडीत पुन्हा शांतता. मग आवाज म्हणाला,

"व्हेरी... गुड. से... इट... अगेन."

"देअर इज नोबडी इन द बोट," वैदेही शहाण्या मुलीसारखी म्हणाली.

माझ्या डोक्यात काहीतरी खटकलं. भुतं शाबासकी देतात? पण खटकलेलं जागेवर बसायच्या आत होडीतून दुसराच आवाज आला. पहिल्याहून जाड, पहिल्याहून रागावलेला.

"कै... ना... त..."

कुलदीप पळाला. तो थेट गावात दिसला. भुताला माझं नाव माहीत होतं! मी दिलीपदादांचा शर्ट घट्ट धरला. दिलीपदादांनी माझी ओढणी धरली. खालून चिखल बुडबुडला आणि आवाज म्हणाला,

"कै... ना... त... गॅस... बंद... कर... दूध... उतू... गेलं..."

खाडीवरून एक बगळा गेला. सगळ्यांची तोंडं हळूहळू अम्मीकडे वळली. अम्मी होडीकडे बघत होती, स्वतःच्याच मयतीला आल्यासारखी.

"हा," ती म्हणाली, "माझा आवाज आहे."

मी खिशातून फोन काढला. सायलेंटवर होता, आणि स्क्रीनवर माझा धडा आपला निवांत चालला होता. फोन जवळ आला की टुंग करून स्पीकरशी जोडायचा आणि जिथे थांबला तिथून पुढे सुरू व्हायचा. दिलीपदादांनी चिखलात उतरून फळ्या उचलल्या आणि भूत दोन बोटांनी बाहेर काढलं. निळ्या रंगाचं होतं. अब्बा घरी नेहमी सांगायचे की या स्पीकरची बॅटरी संपतच नाही, आणि आम्ही त्यांना हसायचो.

मला वाटलं आता चपलांचा मार. पण दिलीपदादा हसत सुटले ते होडीला धरून खालीच बसले. बाळामावशी मात्र हसल्या नाहीत. त्या अम्मीला म्हणाल्या, "रशिदाबाय, तुझ्या पोरीनं दूध उतू घालवलं ते घालवलं, आमच्या पोराचा जीव घालवला असता." मग वैदेहीला जवळ ओढून तिच्या केसांवरून हात फिरवत राहिल्या.

पहाटेच्या भरतीला होडी गेली. दिलीपदादा पुढे आणि कुलदीप मागे. कुलदीपने चढण्याआधी सगळ्या फळ्या उचकटून पाहिल्या म्हणे. दुपारी बाळामावशींची पाटी भरलेली होती आणि त्यांनी अम्मीला खाडीतली ताजी बोयटं दिली, भावात एक रुपया न सोडता.

पुढच्या रविवारी मी वर्गात माझ्या स्वच्छ, खणखणीत, अंतिम फेरीतल्या आवाजात प्रश्न विचारला. एकही पोरगं बोललं नाही. वैदेही तर पुन्हा सुरमई झाली होती. शेवटी तिनेच माझी बाही ओढली.

"दीदी, साहेबाच्या आवाजात विचारा ना."

मी हनुवटी छातीला टेकवली, गळा आवळला आणि चिखलातून आल्यासारखं म्हटलं, "इज... एनीबडी... देअर?" पडवी दणाणली! सगळ्यांची उत्तरं बरोबर. सगळ्यात मोठा आवाज वैदेहीचा.

तेव्हापासून मी असंच शिकवते. पोरं दुप्पट झालीत. माझा घसा मात्र पार बसलाय, आणि अंतिम फेरी शनिवारी आहे. अम्मी म्हणते, हळद घालून गरम दूध पी. मी पिते. उतू जाऊन जेवढं उरतं, तेवढं.