भोपळा, नग एक

रघूदादा कुठलीही वस्तू बोटाच्या पेरानं वाजवून बघितल्याशिवाय तिच्यावर विश्वास ठेवत नाही. मडकं आपण सगळेच वाजवून घेतो. हा नारळ वाजवतो, कलिंगड वाजवतो, खुर्ची वाजवून मग तिच्यावर बसतो. पुतण्याला फ्लॅट घ्यायचा म्हणून आम्ही शेलूला गेलो होतो. तिथल्या पोरानं कौतुकानं नमुन्याचा फ्लॅट उघडून दाखवला. दादानं भिंतीवर तीनदा टकटक केलं आणि दहा गिऱ्हाइकांसमोर जाहीर केलं, "पोकळ हाय." त्या पोरानं आम्हाला चहा पाजून वाटेला लावलं.

दुसरी खोड त्याहून अवघड. रघूदादा खोटं बोलत नाही. अगदी शिष्टाचारापुरतंही नाही. "खोटं बोललं का सतारीची तार उतरते, मास्तर," हे त्याचं पालुपद. पुतण्याच्या लग्नाच्या बैठकीत मुलीच्या बापानं विचारलं, मुलाला काही व्यसन? सगळे एका सुरात "छे छे" म्हणाले. दादा म्हणाला, "तंबाखू खातो. पन थुकतो लांब जाऊन."  नशीब, मुलीच्या बापाच्याच गालात तंबाखू होती, म्हणून ते लग्न झालं.

तर असा हा माझा कर्जतचा शेजारी. आमच्या दोन घरांत भिंत एकच, आणि ती त्यानं वाजवून पास केलेली आहे. खोपोलीच्या कारखान्यात जन्मभर पाळ्या केल्या, आणि सुटीच्या दिवशी खालापूरला एका म्हाताऱ्या बुवांच्या पायाशी बसून सतार शिकला. वहिनी गेल्यापासून घरात तो आणि सतार, दोघंच. सकाळी त्याचा रियाज सुरू झाला की माझ्याकडे चहा ठेवला जातो. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी नुसता ओट्यावर बसून लोकांच्या चुका काढायचो. दादानं मला तानपुऱ्याला बसवलं आणि माणसांत आणलं. हे उपकार मी त्याच्या तोंडावर कधी बोललो नाही, म्हणून इथं लिहून ठेवतो.

काही वर्षांपूर्वी चौकच्या एका कार्यक्रमाला आम्ही टेंपोनं निघालो होतो. खड्डा आला आणि सतारीचा भोपळा फुटला. मिरजेचा कारागीर फोनवर म्हणाला, एवढा मोठा, जाड सालीचा भोपळा हल्ली मिळणं कठीण, मिळाला तर कळवतो. पावसाळा गेला, हिवाळा गेला, फोन काही आला नाही. दादानं सतार चादरीत गुंडाळून कपाटावर ठेवली. हळूहळू त्यानं वस्तू वाजवणंही सोडलं. बाजारात नारळ न वाजवता पिशवीत टाकताना मी त्याला पाहिलं आणि मला खरोखर भीती वाटली.

जवळच्या कोंडाणे गावाच्या वरच्या ठाकूरवाडीतून हिरूबाई आमच्या आळीत रानभाजी विकायला यायची. शेवळं, करटुली, जे निघेल ते. दादाच्या ओट्यावर पाटी टेकायची, पाणी प्यायची आणि रियाज चालू असेल तर तो संपेपर्यंत उठायची नाही. एके दिवशी तिनं विचारलं, "दादा, तुजं वाजनं बंद का रं झालं?" त्यानं सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, पाटी उचलली आणि गेली.

पुढच्या खेपेला तिच्या पाटीत भाजी नव्हतीच. नुसता एक भोपळा होता, वाळून खडखडीत झालेला, कवेत जेमतेम मावेल एवढा. बियाण्यासाठी छपरावर राखून ठेवलेला. दादानं बोटाच्या पेरानं तो वाजवला, कान लावला, पुन्हा वाजवला. मग उपरण्यानं डोळे पुसले.

"काय देऊ गं, बाय?"

"नको काय. बी तेवडं माजं परत आन. आन कोनी इचारलं तं सांग, हिरूचा भोपला हाय."

दादानं तसा शब्द दिला आणि भोपळा मांडीवर घेऊन स्वतः मिरजेला गेला. येताना बिया रुमालात बांधून आणल्या आणि चढण चढून तिच्या हातात दिल्या. सतार पुन्हा बोलू लागली. पूर्वीपेक्षा गोड बोलू लागली, असं मी म्हणतो, दादा म्हणतो, "थोडी गोड. फार नाय."

कळंबच्या एका रिसॉर्टवर तो अधूनमधून वाजवतो. तिथं आलेल्या एका परदेशी पाहुण्यानं ती सतार ऐकली, आणि त्यांच्या गावच्या संगीतमंडळाचं आम्हाला बोलावणं आलं. तबलजी तिथलाच, तानपुराही तिथलाच, तो धरायला मी. वयाची साठी उलटल्यावर मी पहिल्यांदा विमानात बसलो, तेही दादाच्या पुण्याईनं. विमानाची खिडकी त्यानं वाजवून बघितली. काय निष्कर्ष निघाला, ते मी विचारलं नाही.

उतरण्याआधी एक फॉर्म भरायचा होता. सोबत फळं, भाज्या, बियाणं आहे काय? मी "नाही"वर खूण केली. दादानं "होय"वर केली आणि पुढच्या ओळीत, मला स्पेलिंग विचारून, इंग्रजीत लिहिलं: भोपळा, नग एक. स्पेलिंग त्याला कशाला हवंय, हे माझ्या ध्यानात आलं तेव्हा फॉर्म त्याच्या खिशात गेला होता.

विमानतळावर आम्हाला बाजूला घेतलं. कार्यक्रम त्याच संध्याकाळी. खुर्चीतली अधिकारी बाई धिप्पाड, चेहरा कडक. तिनं पेटी उघडायला लावली, सतार बघितली आणि म्हणाली, "भाजी कुठाय?" दादानं बोट ठेवून दाखवली. तिनं वरिष्ठांना बोलावलं, वरिष्ठांनी पुस्तक उघडलं. शेतमालाला दाखला लागतो, नाहीतर जप्त. घड्याळ पुढं सरकत होतं, मी दर मिनिटाला ते बघत होतो आणि दादा शांतपणे तारा पुसत होता.

अखेर त्या बाईलाच दया आली. तिनं नवा कागद घेऊन लिहिलं, "लाकडी वाद्य," आणि सहीसाठी पुढं सरकवला. मी तो दादाला मराठीत सांगितला. सही केली की सुटलो.

"लाकडी नाय," दादा म्हणाला. "भोपळ्याचं हाय."

"अरे दादा, कर ना सही! हॉल भरत आला असेल!"

"हिला सांगा मास्तर, कोंडाण्याच्या हिरूबायचा भोपळा हाय. मी शब्द दिलाय. वाजवायला नाय भेटलं तरी चालंल."

मी कपाळावर हात मारला आणि माझ्या शाळामास्तरी इंग्रजीत सगळं सांगितलं: छप्पर, पाटी, बियाणं, शब्द. बाई ऐकत राहिली. मग तिनं वाकून बोटाच्या पेरानं भोपळा वाजवला.

"हिला कळतं!" दादा मला म्हणाला.

तिनं पहिला कागद फाडला. दुसऱ्यावर लिहिलं: तंतुवाद्य, भोपळ्याचं, भोपळा पिकवणारीचं नाव हिरूबाई. खाली शिक्का. दादानं लगेच सही केली आणि एक प्रत मागून घेतली.

संध्याकाळी त्यानं पूरिया राग असा वाजवला की माझा हात तानपुऱ्यावर थांबता थांबता राहिला. सुरुवातीला तो मराठीत म्हणाला होता, "ह्यो भोपळा आमच्या हिरूबायचा." हॉलमध्ये मराठी कुणालाच येत नव्हतं. लोकांनी शेवटी मनापासून टाळ्या वाजवल्या, कोट घातले आणि घरी गेले.

परतलो तेव्हा कर्जतला सत्कार ठरला होता. फलक लागला होता, हार आले होते. दादानं रिक्षा कोंडाण्याकडं वळवायला लावली. तिथून वर चढण. खोळीतली सतार त्याच्या खांद्यावर, पिशव्या माझ्या.

हिरूबाई अंगणात वाल निवडत होती. आता तिला कमी ऐकू येतं. दादानं शिक्क्याचा कागद मराठीत करून मोठ्यानं वाचून दाखवला. स्वतःचं नाव आलं तसा तिनं तो हातात घेतला, उलटसुलट बघितला, घडी घालून रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवला. मग भोपळ्याला कान लावून बसली आणि दादानं वाजवलं.

थांबल्यावर तिनं विचारलं, "तिथं माजं नाव घेतलंस?"

"घेतलं गं."

"मंग मानसं काय बोलली?"

दादानं भोपळ्यावरून हात फिरवला. मी खाली बघू लागलो. ह्या माणसाला मी पुरता ओळखतो. आता तो खरं सांगणार.

"समदी उभी ऱ्हायली," रघूदादा म्हणाला. "बोलली, हिरूबायला आमचा नमस्कार सांगा."

हिरूबाईनं पदर तोंडाला लावला आणि ती लाजून हसली. मीही जोरजोरात मान डोलावली.

उतरताना दादा वाटेत थांबला. सतार खाली घेतली, माझ्याकडं न बघता खोळीची गाठ सोडली आणि हळूच तार छेडली. पुन्हा एकदा छेडली.

तार सुरातच होती.