पाठोबाचे अकरा दगड

आपल्याच मुलखातल्या एका जंगलात एक गवा राहत होता. त्याचं नाव यसबा. नीट बसा. मागच्यांनी कुजबुज बंद करा. गोष्ट लांबची आहे आणि मी ती एकदाच सांगणार आहे.

तर यसबा. अंगानं दांडगा, स्वभावानं अगदी गरीब. त्यानं कळपाचा कारभार पोराकडे सोपवला, तशी सूनबाई म्हणाली, "मामंजी, आता जरा जग बघून या." सासऱ्यानं जग बघावं असं सुनेला इतकं मनापासून का वाटतं, ते तुम्हाला मोठेपणी कळेल. तिनं लोकरीचा एक स्वेटर विणला, तो यसबाच्या अंगात चढवला आणि त्याला सहलीला पाठवून दिलं.

सहल होती स्कॉटलंडची. तेही एक जंगलच, फक्त तिथे झाडं कमी आणि पाऊस फार. गवा विमानात कसा मावला, असं कोण म्हणालं? मावला. पुढे ऐका.

सहलीची पुढारी होती चिंगूताई शेकरू. हातात झेंडा, तोंडात शिट्टी. कुणी पाच मिनिटं एका जागी रमला की तिच्या पोटात दुखायचं. सोबत होते विद्याधरपंत करकोचे. त्यांनी निघण्याआधी चार पुस्तकं वाचली होती आणि ते आता सगळ्यांना भोगावं लागत होतं. शिवाय होती अंबूमावशी सांबरीण. तिच्या पिशवीत चिवडा, लिंबाचं लोणचं आणि कुंकवाची डबी. कुठे काय लागेल, सांगता येतं का?

तो स्वेटर मेला चावायचा. तिसऱ्या दिवशी यसबाच्या पाठीला खाज सुटली. कुठे? बरोब्बर वशिंडाच्या मागे. तिथे शेपूट पोचत नाही, शिंगही पोचत नाही. घरी असता तर पाणवठ्याजवळच्या ऐनाच्या झाडाला पाठ घासून मोकळा झाला असता. पण इथे प्रत्येक किल्ल्याच्या भिंतीवर पाटी, 'टेकू नये'. प्रत्येक पुतळ्यावर पाटी, 'हात लावू नये'. एकाही पाटीत पाठीचा उल्लेख नव्हता म्हणून यसबानं एका पुतळ्याला हळूच पाठ लावली, तर चिंगूताईनं अशी शिट्टी फुंकली की तळ्यातली बदकं उडून गेली.

त्यानं स्वेटर काढूनही पाहिला. खाज काही गेली नाही. ती आता मुक्कामालाच आली होती. यसबाला ना किल्ले दिसत होते, ना डोंगर. जेवण गोड लागेना. नऊ दिवस त्याला जगात एकच गोष्ट हवी होती, पाठ घासायला काहीतरी खरबरीत.

आणि खाजेच्या दहाव्या दिवशी ते दगड आले.

मोकळं माळरान. गुडघाभर जांभळी झुडपं. भुरभुर पाऊस. आणि मधोमध अकरा उभे दगड, गोल रिंगणात. काही यसबाच्या खांद्याएवढे, काही त्याच्या निम्मे, दोन तर अगदी ठेंगणे.

"वीस मिनिटं!" चिंगूताई ओरडली. "हे दगड पाच हजार वर्षांचे आहेत. कुणी उभे केले, कशासाठी केले, कुणालाही माहीत नाही. फोटो काढा आणि चला!"

"कुणालाही नाही असं नव्हे," विद्याधरपंत घसा खाकरून म्हणाले. "ही वेधशाळा आहे. या दगडावरून चंद्र उगवतो, त्या दगडावर मावळतो."

"मग ते दोन ठेंगणे कशाला?" अंबूमावशीनं विचारलं.

"ते लहान ग्रहांसाठी," पंत म्हणाले.

यसबाचं तिकडे लक्ष नव्हतं. तो बघत होता थोरल्या दगडाकडे. दगड सगळा खडबडीत, शेवाळलेला. पण एका ठरावीक उंचीवर चारी बाजूंनी गुळगुळीत पट्टा होता. घरच्या ऐनावर असतो ना, अगदी तस्सा. त्यानं प्रत्येक दगड पाहिला. प्रत्येकावर पट्टा. ठेंगण्या दगडांवर तो खाली होता, वासराच्या पाठीला यावा इतका. आणि फटीत अडकलेले लांब लांब तांबूस केस.

"अवो पंत!" यसबा म्हणाला. "ही वेधशाळा न्हाई. ही पाठ घासायची जागा हाय."

सगळे हसले. अंबूमावशीच्या तोंडातला चिवडा उडाला.

"यसबाभाऊ," पंत म्हणाले, "पाच हजार वर्षांपूर्वी इतके प्रचंड दगड ओढून आणले, ते काय पाठ घासायला?"

"खाज सुटली असंल तर आणत्याल की! मी बी आणले असते. आज तर डोंगर आणला असता."

"आणि मग गोल का मांडले?"

"वारं कुठनं बी आलं तरी एक बाजू आडोशाची ऱ्हाती. आणि घासता घासता समोरच्याशी बोलता येतंय."

एवढं सोपं उत्तर ऐकून पंतांना फार वाईट वाटलं. सोपी उत्तरं विद्वानांना बाधतात.

तेवढ्यात धुक्यातून एक गाय आली. डोळ्यांवर ही झुलपं, अंगभर तांबूस केस. तिचं नाव मोराग. ती तिथलीच. तिनं कुणाकडे पाहिलं नाही. सरळ थोरल्या दगडापाशी गेली, पाठ लावली आणि डोळे मिटून घासू लागली. खसाखसा. तिच्या चेहऱ्यावर असं सुख पसरलं की बघणाऱ्याच्याही पाठीला शिरशिरी यावी.

"बघा!" यसबा म्हणाला.

"माझी आई इथेच घासायची," मोराग डोळे न उघडता म्हणाली. "तिची आईही. या पाहुणे, तो शेजारचा दगड मोकळा आहे." तुम्ही विचारणार, यांना एकमेकांची भाषा कशी कळली? खाजेपुरती कळली.

यसबा निघालाच होता. चार पावलं राहिली होती. पण तेवढ्यात तिथला राखणदार धावत आला. तो होता एक एडका. कमरेला चौकटीचा घागरा, गळ्यात बिल्ला. तिकडे बाप्येच घागरा घालतात, हसू नका. त्यानं सगळं ऐकलं होतं.

"पट्टे? केस? घासतात?" तो किंचाळला. "म्हणजे आमचे दगड झिजतायत! पाच हजार वर्षं झिजतायत आणि आम्हाला आज कळतंय! उद्याच्या उद्या कुंपण घालतो. काटेरी!"

मोराग घासायची थांबली. तिनं झुलपांमधून आधी एडक्याकडे पाहिलं, मग यसबाकडे. तिच्या डोळ्यांतून टपटप पाणी गळायला लागलं.

यसबाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाच हजार वर्षं कुणी या गायीच्या घराण्याच्या वाटेला गेलं नव्हतं. यानं एकदा खरं बोलून दाखवलं आणि तिची पिढीजात जागा गेली. आता काय करावं? त्यानं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि त्याची नजर अंबूमावशीच्या पिशवीवर पडली.

यसबानं पुढचे दोन्ही गुडघे टेकले. डोळे पांढरे केले. आणि मोठ्यानं हाळी दिली, "पाठोबाच्या नावानं चांगभलं!"

"अगं बाई!" अंबूमावशीनं चिवडा खाली ठेवला. "कुठला देव हा?"

"मावशी, वळखला न्हाई व्हय? पाठोबा! पाठीराखा देव. शिळेला पाठ लावून तीन येळा घासायचं, एवढीच त्याची पूजा. ही गाय इथली पुजारीण हाय!"

मावशीनं डबी काढलीसुद्धा. थोरल्या दगडाला कुंकू लागलं, चिवड्याचा नैवेद्य झाला. विद्याधरपंतांनी क्षणभर विचार केला. खाजेपेक्षा देव बरा, असं त्यांना वाटलं असावं. ते म्हणाले, "तिसऱ्या पुस्तकात याचा ओझरता उल्लेख आहे." तो नव्हता, हे तुम्हाला मी सांगतो.

एडका गोंधळला. देवाला कुंपण घालायचं म्हणजे भावना दुखावणार. सरकार कुठलंही असो, भावनांना फार घाबरतं. तो हात जोडून मागे सरला.

"यसबाभाऊ, तुमची पाठ लावा आता," मोराग म्हणाली.

"वेळ संपली!" चिंगूताईनं शिट्टी फुंकली. "पुढे धबधबा आहे. चला, चला, चला!"

यसबानं हात जोडले, गयावया केली. पण चिंगूताईनं त्याची शेपटी धरली आणि ओढत नेला. घरी परतेपर्यंत ती खाज पाठीवर ठाण मांडून होती. घरी आला तर काय? सुनेनं पाणवठा मोठा करायला ऐन पाडून टाकलेला!

पुढचं वर्ष यसबानं कसं काढलं, ते सांगत नाही. तुम्हाला झोप लागणार नाही. वर्ष सरलं तसा तो एकटाच निघाला, सहलबिहल काही नाही, आणि थेट त्या माळावर पोचला.

बघतो तर रांग! मेंढ्या, हरणं, ससे, खारी. लोखंडी कठडे लावलेले, रांग माळाला तीन वळसे घालून गेलेली. दगडांना शेंदूर. वर पत्रे. आणि रांगेच्या पार शेवटी, भिजून चिंब झालेली मोराग.

"सकाळपासून उभी आहे," ती म्हणाली. "पुजारीण म्हणून सोडा म्हटलं, तर ओळखपत्र मागतात."

दोघं रांगेत उभी राहिली. संध्याकाळ व्हायला आली तेव्हा पुढे पोचली. समोर अंबूमावशी! मंडळाची अध्यक्षीण झाली होती. घरी गेलीच नव्हती. शेजारी विद्याधरपंत, हातात स्वतः लिहिलेली पोथी.

"मावशी, मी यसबा! पाठ लावू द्या वो."

"पाठ फक्त मंडळाच्या सभासदांनी लावायची. बाकीच्यांना मुखदर्शन. हात जोडा आणि पुढे व्हा!"

"अवो, पर मला खाज सुटलीय!"

रांगेत कुणीतरी कानांवर पंजे ठेवले.

"देवाच्या दारात असलं अभद्र बोलता?" पंत म्हणाले. "खऱ्या भक्ताला खाज सुटत नाही."

"अरे, पाठोबा मीच काढला होता, माझ्या डोक्यातनं!" यसबा कळवळून ओरडला.

"पाठोबा स्वयंभू आहे," अंबूमावशी ठामपणे म्हणाली. "हे पोथीत आहे. ढकला रे याला."

घागऱ्यातल्या एडक्यानं दोघांना ढकलून बाहेर काढलं. यसबा आणि मोराग माळाच्या पार टोकाला जाऊन उभी राहिली. पाऊस भुरभुरत होता. यसबाला रडू येत होतं आणि तो खरंच रडला.

"पाहुणे," थोड्या वेळानं मोराग म्हणाली, "तुमची पाठ खरबरीत आहे का हो?"

यसबानं डोळे पुसले. दोघं पाठीला पाठ लावून उभी राहिली. आणि सुरू झालं. खसाखसा, खसाखसा. एक वर्ष दहा दिवसांची खाज! यसबाच्या तोंडातून असा हुंकार निघाला की माळ दुमदुमला. मग इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं, की दोघं तशीच डोळे मिटून निश्चल उभी राहिली. अंगावर धुकं उतरलं.

यसबानं डोळे उघडले तेव्हा समोर दोन ससे हात जोडून उभे होते. त्यांच्या मागे सात मेंढ्या. त्यांच्या मागे अंबूमावशी, हातात डबी. विद्याधरपंतांनी नवी वही उघडली होती.

"बारावा आणि तेरावा," ते हलक्या आवाजात म्हणाले. "हे कुणी उभे केले असतील?"

यसबा तोंड उघडणार, तेवढ्यात मोरागनं मागून कोपर मारलं. "गप्प," ती कुजबुजली. "खरं सांगितलंत तर कुंपण, खोटं सांगितलंत तर रांग."

यसबा गप्प बसला. मावशीनं त्याच्या कपाळाला कुंकू लावलं. एका सशानं भीत भीत पाठ पुढे केली आणि यसबाच्या पायाला घासून पाहिली.

तात्पर्य : खाज सुटली तर मुकाट्यानं खाजवावं. त्याचं कारण जगाला समजावून सांगायला गेलं, की आपलाच दगड होतो.