भिकनआप्पांची निळी फळी

११ जून, सकाळी सात वाजून वीस मिनिटे. नोंदवहीत वेळ लिहून मी मान वर केली, तर कारखान्यात भिकनआप्पा पाइनच्या एका फळीला नाक लावून उभे होते. हुंगून झाल्यावर त्यांनी ती बोटाने ठोकली आणि आजारी नातलगाला विचारावे तसे विचारले, "तुले काय जायतं वं माय?"

आप्पा आमचे शेजारी. मूळचे खानदेशचे, तीस वर्षे सुरतेजवळ इच्छापोरच्या या कारखान्यात निर्यातीची खोकी बनवतात. लाकूड परदेशातून येते. फळीवर निळसर रेघा दिसल्या की ते निकाल देतात, "हाई झाड कापेल नही, मरेल शे." म्हणजे झाड कापण्याआधी उभ्यानेच मेलेले. मढ्याची नाडी बघता काय, असे सुपरवायझर गुजरातीत खिजवतो, "डॉक्टरसाहेब, मडदानी नाडी जुओ छो?" आप्पा फळी तेवढी त्याच्या नजरेआड ठेवतात.

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकते. या रेघा म्हणजे बुरशी. ती सालीतल्या भुंगेऱ्यांबरोबर झाडात शिरते, पाण्याच्या वाटा तुंबवते आणि दोघे मिळून डोंगरच्या डोंगर वाळवतात, हे मला पुस्तकांतून कळले. आप्पांना नाकाने. याचा अभिमान त्यांच्यापेक्षा मलाच अधिक. "सुरतेत पाइनचा नमुना कुठून आणणार?" असे मार्गदर्शक बाईंनी विचारले, तेव्हा मी ताठ मानेने आप्पांचे नाव सांगितले होते. नमुन्यातून जिवंत बुरशी वाढली, तरच माझा प्रबंध उभा राहणार होता.

त्याच संध्याकाळी आप्पांनी धुतलेल्या फडक्यात गुंडाळलेला तुकडा दोन्ही हातांनी माझ्या स्वाधीन केला. दुसऱ्या दिवसापासून मी रोज काचेच्या बशीवर पट्टी धरून वाढ मोजली. काहीही उगवले नाही. दहाव्या दिवशी सकाळी मी पुन्हा कारखाना गाठला.

"आप्पा, तुकडा देण्याआधी काय केलंत?"

"भट्टीमा ठेवा. गाभामा छप्पन्न अंश, तीस मिनिटं. समदा मालले एकदाव, तुन्हासाठे दोनदाव!"

"अहो, दोनदा तापवलात? मला बुरशी जिवंत हवी होती!"

"जित्ती?" आप्पा खरोखरच दुखावले. "मन्हा हातथीन जित्ता रोग बाहेर जास नही, बेटा. खोकं जठे जास, तठे बी कोनं तरी जंगल ऱ्हास."

माझी समजूत काढावी म्हणून की काय, त्यांनी नवा तुकडा कापायला हत्यारांची पेटी उघडली. झाकणाच्या आत कॅलेंडरचे एक जुने पान चिकटवलेले होते: हिरवेगार, सरळसोट पाइनचे जंगल. कडा बोटांनी झिजलेल्या.

"तीस वरिसमा उभं झाड एकदाव बी देखं नही," करवत शोधता शोधता ते म्हणाले. "समदा आडवाच भेटनात."

घरी येऊन मी प्रबंधाचे शीर्षक बदलले. भट्टीतून बुरशी वाचते का, हेच आता मोजायचे. पहिली नोंद तयारच होती:

२१ जून. तुकडा पहिला, भिकनआप्पांच्या हातचा. दहा दिवसांतील वाढ: शून्य मिलिमीटर.